सरकत्या पट्ट्यावरचं विमान

(गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही डिप्लोमा करून मध्य प्रदेश शासनाच्या नोकरीत लागलेली माणसं. विद्वत्तेचा आव आम्हाला शोभणार नाही. म्हणून बुद्धीच्या देवतेपुढे आज फक्त एक कोडं ठेवतो.

एक विमान लांबलचक सरकत्या पट्ट्यावर उभं आहे. ते ज्या वेगानं पुढे निघेल, त्याच वेगानं पट्टा मागे सरकेल. वारा अजिबात नाही. विमान उडेल का?

बहुतेक जण लगेच म्हणतात, 'छे! जिममधल्या ट्रेडमिलवर धावणारा जागीच राहतो, तसं विमानही राहील.' उत्तर पटण्यासारखं आहे, पण खरं नाही.

आपल्या जयविलास महालातली चांदीची छोटी आगगाडी सगळ्यांनी पाहिली आहे. माधवराव महाराजांच्या काळात ती जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढे फिरायची. इंजिनाची चाकं रुळांना मागे रेटतात, म्हणून गाडी पुढे जाते. आपल्या छोट्या लाइनचंही तेच होतं. रूळच तेवढ्या वेगानं मागे सरकवले, तर गाडी जिथल्या तिथे राहील. सायकल, स्कूटर, धावणारा माणूस, सगळे याच जातीचे.

विमान मात्र त्या जातीचं नाही. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर 1985 पासून मिराज विमानं आहेत. त्यांचा आवाज ऐकतच आपली मुलं मोठी झाली. मिराजच्या चाकांना इंजिन जोडलेलं नसतं. इंजिन वायूचा झोत मागे फेकतं आणि त्या धक्क्यानं विमान पुढे जातं. पंख्याचं विमान हवा मागे ढकलतं. चाकं नुसती फिरतात, हातगाडीच्या चाकांसारखी. मग पट्टा मागे पळाला तर काय होईल? विमान ताशी 100 किलोमीटरनं पुढे आणि पट्टा तितक्याच वेगानं मागे, म्हणजे चाकं 200 च्या वेगानं फिरतील. घर्षण किंचित वाढेल, इतकंच. पंखांवरून हवा वाहिली की विमान उडेल.

मुलांनो, घरी करून पाहा. टेबलावर चादर पसरा, तिच्यावर खेळण्यातली मोटार ठेवा आणि मोटारीला दोरा बांधा. एकानं चादर मागे ओढायची, दुसऱ्यानं दोरा पुढे ओढायचा. मोटार आरामात पुढे येईल. तो दोरा म्हणजे विमानाचं इंजिन. अमेरिकेतल्या 'मिथबस्टर्स' कार्यक्रमात 2008 साली खरं छोटं विमान लांब ताडपत्रीवर ठेवून ताडपत्री मागे ओढली होती. विमान उडालं.

विमानाला जमिनीचा वेग नको, हवेचा हवा. म्हणूनच आपल्या जुन्या 'विक्रांत'सारखी विमानवाहू जहाजं विमान सोडताना वाऱ्याच्या दिशेला तोंड करून वेगात जातात. जहाज 40 च्या वेगानं जात असेल, तर विमानाला धाव घेण्याआधीच हवेचा तेवढा वेग मिळालेला असतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. काही जण कोडं बदलून सांगतात, 'पट्टा चाकांच्याच वेगानं मागे जातो.' तसं असेल तर विमान तसूभरही पुढे सरकलं की ती अट मोडते. म्हणजे तिथे उत्तराआधी प्रश्नच तपासावा लागतो. सरकारी नोकरीत आम्ही हेच शिकलो: शेरा मारण्याआधी अर्ज पुरता वाचावा.

या कोड्यावर घराघरांत वाद होतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. एखादी मुलगी हळूच विचारते, 'पण चाकांना इंजिन असतं का?' आणि मोठी माणसं तिला गप्प बसवतात. खरं तर कोडं तिनंच सोडवलेलं असतं. आपल्या पोरांनी डॉक्टर, इंजिनिअर व्हावं असं आपल्याला वाटतं. मग त्यांचा असा प्रश्न आधी पुरता ऐकून घेऊया. उत्तर आपल्याला येत नसेल, तर चादर आणि दोरा घरात आहेतच.

गणपती बाप्पा मोरया!