डब्याच्या तळाशी उरलेले धान्य
दिवाळीपूर्वी डबे आवरताना तळाशी मूठ-मूठ ज्वारी, बाजरी, हरभरा उरलेला सापडतो. थोडे सोंडे-भुंगे झाले असतील तर कडक ऊन द्या, पाखडा, निवडा आणि खमंग भाजून थालीपिठाची भाजणी दळून आणा. आमच्या भगिनींना हे सांगायला नकोच.

मात्र बुरशी धरलेला शेंगदाणा किंवा मका त्यात घालू नये. बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजूनही जात नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात असा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. टाकवत नाही म्हणून तो गाईपुढेही ठेवू नका. विष दुधात उतरते. सरळ पुरून टाका. पेरणीतून उरलेले, औषध चोळलेले बियाणे तर धुऊनसुद्धा चुलीकडे नेऊ नये.