पाटी अक्षरांना, काळा दगड मूर्तीला

(कर्नाळा येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, थोडे संक्षिप्त करून)

अध्यक्ष महाराज आणि वीज गेली तरी जागा न सोडणाऱ्या रसिकहो,

विषय दिलाय 'शिल्पासाठी स्लेट : एक टिकाऊ दगड'. विषय संयोजकांचा, मत माझं. (हशा) ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शेवटची एसटी गाठायचीय त्यांचं नुकसान नको. स्लेट, म्हणजे पाटीचा दगड, अक्षरांना उत्तम. मूर्तीला मात्र आपला काळा पाषाण.

कर्नाळा किल्ल्याचा इतिहास मी सांगत बसत नाही. १६५७, पुरंदरचा तह, १६७०... इथल्या पोराटोरांना पाठ आहे. मला दगडाकडे जायचंय.

पाटीचा दगड हा मुळात चिखल. जमिनीखाली प्रचंड दाबात सापडला, त्यातले अभ्रकाचे बारीक कण एकाच दिशेने आडवे झाले, म्हणून त्याचे पापुद्रे निघतात. चांगली स्लेट पाणी जवळजवळ पीत नाही. इंग्लंडात लेस्टरशायरमध्ये स्विथलंड स्लेटचे अठराव्या शतकातले थडग्यांचे दगड आहेत, त्यांवरची अक्षरं अजून धारदार. तिकडच्या आम्लधर्मी पावसाने संगमरवर विरघळतो, त्यावरची नावं पुसट होतात, स्लेटवरची राहतात. स्लेटशी माझं वैर नाही, हे लिहून घ्या.

पण आपल्या शाळेच्या पाटीला लाकडी चौकट का असायची? आंध्रातल्या मार्कापूरची अस्सल पाटी असो, चौकट निघाली की आठ दिवसांत कडेचे टवके. दगड पक्का, कड कच्ची. आता मूर्ती म्हणजे काय? सगळ्या कडाच! नाक, बोटं, शस्त्र धरलेला हात. थराच्या लांबीत कोरलेलं बोट टिकेल. थराला आडवं गेलेलं छिन्नीच्या दुसऱ्या घावाला हातात येईल. आणि एकाच मूर्तीत बोटं दोन्हीकडे वळलेली असतात. म्हणून स्लेटमध्ये अक्षरं कोरा, उथळ उठाव काढा. चतुर्भुज देवी काढू नका.

आपला काळा पाषाण, बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याचे स्फटिक एकमेकांत गुंतलेले, त्यांना दिशा नाही. छिन्नी बोथट होते, पाथरवट शिव्या देतो, पण दगड चारी बाजूंनी आकार धरतो. आपल्या किल्ल्यावर खालच्या दरवाजाच्या आत मराठी लेख आहे, तारखेविना. वरच्या दरवाजावर फारसी, सय्यद नुरुद्दीन मुहम्मद खान, हिजरी ११४६. पनवेलच्या पावसात उभे आहेत दोन्ही.

मागून आवाज आला, "मग घारापुरी का झिजली?" झिजलीय, मान्य. अंबरनाथच्या देवळाबाहेरच्या मूर्तींचे चेहरेही पुसट झालेत, शके ९८२ चं देऊळ आहे ते. पण माझा मुद्दा तोच आहे! सगळा काळा दगड सारखा नसतो. लाव्हात वायूचे बुडबुडे राहिले तर दगडाला भोकं. भोकांत पांढरे खडे भरले तर ते आधी सुटतात आणि मूर्तीला देवी आल्यासारख्या खळग्या पडतात. लाव्हा थंड होताना आकसतो, त्याच्या चिरा वेगळ्याच. भरीव, बारीक कणाचा, बिनचिरेचा दगड शोधावा लागतो.

तो शोधायचा कसा, हे मला पुस्तकाने शिकवलं नाही. पाट्या-वरवंट्याला, जात्याला टाकी लावायला बायका दारावर यायच्या, आठवतं? (सभागृहातून 'हो, हो') आमच्याकडे यायची ती आधी हातोडीने पाटा चार कोपऱ्यांत वाजवायची. खणखणीत वाजला तर बसायची. बद्द वाजला की आजीला म्हणायची, "आजी, ह्यात चीर हाय, माझी टाकी फुकट जाईल." चीर दिसायची नाही कुणाला. आजी चिडायची, कारण पाटा माहेरचा होता. मग दोघींचं माहेर, सून, महागाई, चहा... (हशा) चहा होईपर्यंत टाकी सुरू होत नसे, आणि एकदा तर...

चिठ्ठी आली. "पाच मिनिटे." अध्यक्षमहाराज, पाट्याची गोष्ट अर्धीच राहिली, पुढच्या वर्षी बोलवावं लागेल. (टाळ्या)

थोडक्यात आवरतो. पनवेल-उरणच्या खाणींतून आपण डोंगर खडी करून विकतो, उलव्याची टेकडी विमानतळासाठी सपाट केली, आणि चौकातल्या स्मारकाला दगड बाहेरून आणतो. आणा, हरकत नाही. पण दर विचारण्याआधी दोन प्रश्न विचारा : थर कुठल्या दिशेने आहे? आणि यावर अक्षरं काढायचीत की आकृती?

आणि इसार देण्यापूर्वी दगडावर बादलीभर पाणी ओता. वरचं पाणी वाळेपर्यंत तिथेच थांबा. सगळा दगड कोरडा झाल्यावरही एखादी ओली रेघ काळी राहिली, तर ती चीर आहे. तो दगड घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.