ओढ्याकाठी अस्वल दिसलं तर...

पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायला आणि रात्री बत्ती घेऊन खेकडी पकडायला राधानगरी, आजरा, चंदगड भागातली मंडळी ओढ्यांकडे निघतात. याच डोंगररानात अस्वलांचाही वावर असतो.

आपल्याकडचं अस्वल मासेखाऊ नाही. वाळवी, मुंग्या, मध, करवंदं आणि जांभळं हा त्याचा आहार. नजर अधू, त्यात वारूळ उकरताना ते इतकं दंग असतं की माणसाची चाहूल लागत नाही. ओढ्याच्या खळखळाटात आपल्यालाही त्याचा आवाज येत नाही. मग अचानक गाठ पडते आणि दचकलेलं अस्वल अंगावर येतं. पाठीवर पिल्लं घेतलेली मादी तर जास्तच धोकादायक.

म्हणून एकट्यानं जाऊ नका. मोठ्यानं बोलत, काठी आपटत चला. बॅटरी जवळ ठेवा. पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर झाडोऱ्यात शिरू नका. अस्वल लांब दिसलं, तर त्याच्याकडे लक्ष ठेवत हळूहळू मागे सरा. पळू नका, ते माणसापेक्षा वेगानं धावतं. झाडावर चढू नका, तेही चढतं. दगड मारू नका. अंगावर आलंच, तर पालथं पडून मानेवर दोन्ही हात घट्ट धरा, चेहरा झाका.

जखम साबण लावून वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा आणि तातडीनं दवाखाना गाठा. रेबीजची लस आवश्यक असते. वनविभागाची हेल्पलाइन आहे १९२६. आणि लक्षात ठेवा, अभयारण्यात परवानगीशिवाय मासेमारी करणं हा गुन्हा आहे.