घामाचे दाम : शरद जोशींचा हिशेब

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



जबलपुरात शरद जोशी हे नाव घेतले की हिंदीतले व्यंगकार शरद जोशी आठवतात. हरिशंकर परसाईंच्या गावात ते साहजिकच आहे. पण मी आज बोलणार आहे ते शेतकरी संघटनेच्या शरद जोशींविषयी.

आपल्यापैकी बहुतेकांची हयात फॅक्टरीत, रेल्वेत, वीज मंडळात, बँकेत किंवा शाळेत गेली. मग शेतकऱ्यांच्या पुढाऱ्याशी आपला काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे. 1956 पर्यंत जबलपूर आणि विदर्भ एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर होती. आपल्यातली कित्येक घराणी तिकडूनच आली, आणि काहींची दोन-चार एकर जमीन अजून तिकडे आहे. शिवाय पाटण-शहापुऱ्याचा मटार दर हिवाळ्यात आपण सगळेच खातो. मटार स्वस्त झाला की आपण खूश होतो. त्या स्वस्ताईची किंमत कोण मोजतो, एवढाच शरद जोशींचा प्रश्न होता.

त्यांचा जन्म 3 सप्टेंबर 1935 चा, सातारचा. शिक्षण वाणिज्य शाखेचे. 1958 मध्ये ते भारतीय टपाल सेवेत आले आणि पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघटनेत अधिकारी झाले. ही नोकरी सोडून ते 1977 मध्ये परत आले आणि पुण्याजवळ चाकणच्या शेजारी आंबेठाण येथे कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. तोपर्यंत त्यांचा शेतीशी संबंध नव्हता. म्हणूनच त्यांनी एक गोष्ट केली, जी पिढीजात शेतकरी सहसा करत नाही. त्यांनी पै-पैचा हिशेब ठेवला.

बी-बियाणे, खत, वीज, मजुरी, वाहतूक, आडत, हमाली आणि घरच्या माणसांची मजुरी हे सगळे धरले तर शेती तोट्यातच निघाली. बाजारात ‘उलटी पट्टी’ नावाचा प्रकार असतो. माल विकून येणाऱ्या पैशांपेक्षा आडत, हमाली, तोलाई, भाडेच जास्त निघते, आणि माल देऊन वर शेतकऱ्यालाच पदरचे पैसे भरावे लागतात. शेतकरी आळशी आहे, अडाणी आहे, लग्नकार्यात पैसा उधळतो म्हणून गरीब आहे, असे आपण शहरातले लोक म्हणत आलो. जोशींनी सांगितले की तो गरीब आहे कारण त्याच्या मालाला भाव मिळू दिला जात नाही. भाव चढले की निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, परदेशातून आयात. भाव पडले की मात्र सरकार गप्प. दारिद्र्य हे नशिबाने आलेले नाही, ते धोरणातून येते, हा त्यांच्या विचारांचा गाभा. ‘इंडिया’ आणि ‘भारत’ असा जो भेद त्यांनी मांडला, त्याचे मूळ इथे आहे.

1978 मध्ये चाकणच्या बाजारात कांदा कोसळला, तेव्हा शेतकऱ्यांनी रस्ता अडवला. 1979 मध्ये शेतकरी संघटना स्थापन झाली. 1980 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यात उसाला टनाला 300 रुपये आणि कांद्याला रास्त भाव मिळावा म्हणून रस्ते आणि रेल्वे रोखण्यात आली. खेरवाडीला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे प्राण गेले. शेवटी सरकारला उसाचा भाव वाढवावा लागला. 1981 मध्ये निपाणीला तंबाखूचे आंदोलन झाले, तिथेही गोळीबार झाला. लाल बिल्ला छातीवर लावून गावोगावचे लोक ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ म्हणू लागले. सूट, सवलत, अनुदान मागणारे पुढारी पुष्कळ झाले. हा माणूस फक्त दाम मागत होता.

विदर्भातून आलेल्यांना कापसाची एकाधिकार खरेदी आठवत असेल. महाराष्ट्रात 1972 पासून शेतकऱ्याने कापूस फक्त सरकारी योजनेतच घालायचा, असा कायदा होता. सीमेच्या अलीकडे, आपल्या मध्यप्रदेशात जास्त भाव असला, तरी तो उघडपणे इकडे आणता येत नसे. आपल्याच शेतातला माल दुसऱ्या राज्यात नेणारा गुन्हेगार कसा, असे जोशी विचारत. म्हणूनच पुढे डंकेल प्रस्तावाच्या वेळी देशातले बहुतेक शेतकरी नेते विरोधात असताना ते खुल्या व्यापाराच्या बाजूने उभे राहिले. ते पटो न पटो, लोकांना आवडेल तेच बोलायचे, ही त्यांची रीत नव्हती.

मला स्वतःला त्यांच्या कामातला सर्वांत मोठा भाग वाटतो तो स्त्रियांचा. 9 व 10 नोव्हेंबर 1986 रोजी नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. लाखांवर बाया आल्या. शेतकऱ्याला घामाचे दाम मिळत नाहीत हे खरे, पण त्याच्या घरातल्या लक्ष्मीला तरी कुठे मिळतात, हा प्रश्न तिथून पुढे आला. त्यातून ‘लक्ष्मीमुक्ती’ निघाली. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायचा, दया म्हणून नव्हे तर तिचे देणे म्हणून. ज्या गावात शंभर किंवा अधिक घरांनी असे केले, ते गाव लक्ष्मीमुक्त. सरकारकडे दाम मागणाऱ्यांना त्यांनी घरातले दाम आधी चुकते करायला लावले.

राजकारणात मात्र त्यांना फारसे यश आले नाही. मते मागायला आलो तर जोड्याने मारा, असे ते सुरुवातीला सांगत. पुढे 1994 मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला, तेव्हा विरोधकांनी त्यांना हे शब्द ऐकवले. संघटनेत फूट पडली, जवळचे सहकारी दूर गेले. ते 2004 ते 2010 राज्यसभेत होते. 9 मार्च 2010 रोजी महिला आरक्षणाचे विधेयक तिथे मतदानाला आले. बाजूने 186, विरोधात 1. ते एक मत शरद जोशींचे! चांदवड भरवणाऱ्याने असे करावे, याचे अनेकांना दुःख झाले. मतदारसंघ आळीपाळीने राखीव ठेवण्याच्या पद्धतीला त्यांचा आक्षेप होता. अशाने स्त्री काय किंवा पुरुष काय, कुणीच आपला मतदारसंघ जोपासणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ते मत पटलेले नाही. पण 186 जणांसमोर एकट्याने हात वर करायला जे लागते, ते आज किती जणांकडे आहे?

12 डिसेंबर 2015 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. प्रश्न मात्र संपला नाही. जून 2017 मध्ये आपल्याच राज्यात, मंदसौरला, भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. त्याच महिन्यात राज्य सरकारला 8 रुपये किलोने कांदा विकत घ्यावा लागला. डिसेंबर 2023 मध्ये कांद्यावर पुन्हा निर्यातबंदी आली, ती मे 2024 पर्यंत राहिली. चाकणचा प्रश्न जिथे होता तिथेच आहे.

आपण शहरातले लोक आंदोलन करणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना त्या पाटीत शेतकऱ्याच्या वाट्याचे किती, हा विचार मनात येऊ द्यावा. आणि ज्यांची गावाकडे जमीन आहे, त्यांनी यंदा दिवाळीला गेल्यावर सातबारा, म्हणजे आपल्या इकडचा खसरा, एकदा काढून पाहावा. त्यावर घरातल्या बाईचे, बहिणीचे नाव आहे का? नसेल तर का नाही? त्यासाठी कुणाच्या मोर्चात जावे लागत नाही. तलाठ्याकडे जावे लागते.



गणपती बाप्पा मोरया!