कूलरचा पंप आणि कोडमधला स्विच

नागपूरहून बोलतोय. आजचा विषय ऐकायला कोरडा आहे, पण बोर्डवर कोड टाकणाऱ्यांची झोप यानंच उडते. एम्बेडेड कोडमधल्या कॉन्फिगरेशन स्विचची नावं.

आपला कूलर घ्या. कोडमध्ये कोणी स्विचला नुसतं 'पंप' नाव दिलं. म्हणजे काय? कूलरला पंप आहे, की पंप चालू करायचा आहे? घरी आपण वाकून बघतो. कोडमध्ये कुठे वाकणार बाप्पा!

झेफिर नावाची ऑपरेटिंग सिस्टीम आहे, 2016 पासून लिनक्स फाउंडेशनकडे. तिच्यात हे दोन प्रश्न वेगळे ठेवलेत. 'सीपीयू हॅज एफपीयू' म्हणजे चिपमध्ये दशांश गणिताचं युनिट आहे. हे चिपची फाइल सांगते. नुसतं 'एफपीयू' म्हणजे ते वापरायचं. हे तुम्ही ठरवता. पहिलं नसेल तर दुसरं चालूच होत नाही. कॉर्टेक्स एम-झीरोत असं युनिट नसतंच, मग तिथे विषय संपला. या दुसऱ्या स्विचचं जुनं नाव 'फ्लोट' होतं. फसवं नाव! कारण युनिट नसलं तरी सॉफ्टवेअरमधून फ्लोट चालतो, फक्त हळू.

आता सी भाषेची गंमत ऐका. 'यूज वॉचडॉग' ला तुम्ही शून्य दिलंत आणि कोडमध्ये तपासलं 'इफडेफ' ने. इफडेफ किंमत बघतच नाही, नाव आहे की नाही एवढंच बघतं. झाला वॉचडॉग चालू. उलटं, साध्या 'इफ' मध्ये स्पेलिंग चुकलं तर सी त्या अनोळखी नावाला गुपचूप शून्य धरते. वॉचडॉग बंद, एरर नाही, काही नाही. समजा तो कंट्रोलर काटोलच्या संत्र्याच्या बागेत बसवलाय आणि कोड अडकला. रीसेट करायला माणूस पाठवा, तोही मे महिन्यात. जीसीसीत 'डब्ल्यू-अनडेफ' वॉर्निंग लावली की हे आधीच कळतं. फुकट आहे, लावा न भाऊ.

'नो वॉचडॉग' बरोबर शून्य, असली नावं तर ठेवूच नका. नाही म्हणजे नाही, की नाही-नाही म्हणजे हो? रात्री दोन वाजता हे डोक्यात शिरत नाही.

आणि एकक. फ्रीआरटीओएसमध्ये 'टिक रेट हर्ट्झ' हे नाव मस्त, हर्ट्झ नावातच आहे. पण तिथेच 'मिनिमल स्टॅक साइझ' वर्डमध्ये मोजतात आणि 'टोटल हीप साइझ' बाइटमध्ये. नावावरून पत्ताच लागत नाही! 32 बिटच्या चिपवर 128 लिहिलं तर मिळतात 512 बाइट. त्यात ईएसपी 32 च्या अधिकृत किटमध्ये टास्क बनवताना स्टॅक बाइटमध्येच द्यावा लागतो. तिथला कोड उचलून दुसऱ्या बोर्डवर टाकला तर चौपट रॅम जाते. उलट नेला तर स्टॅक चौथाई, आणि बोर्ड मनाला येईल तेव्हा रीस्टार्ट होतो.

तुमच्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात गोंधळात टाकणारं नाव कमेंटमध्ये टाका. पुढच्या एपिसोडला त्यातली दोन-चार घेऊ.