वादळातल्या चिमण्या

अंगणात दाणे टिपणाऱ्या चिमण्या दुरून एकसारख्याच दिसतात. गळ्याखाली काळा डाग असला तर चिमणा, नसला तर चिमणी, एवढाच काय तो भेद ध्यानी येतो. या चिमुकल्या पाखरांना एका प्राध्यापकाने मोजपट्टी लावली, त्याची ही हकिकत आहे.

१ फेब्रुवारी १८९८ रोजी अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स नगरावर हिमाचे व पावसाचे भयंकर वादळ आले. थंडीने गारठून निपचित पडलेल्या १३६ चिमण्या ब्राउन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणण्यात आल्या. त्या भारतातील घरचिमणीच्याच जातीच्या. त्यांचे पूर्वज युरोपातून तिकडे नेलेले. त्यांपैकी ७२ पुन्हा सावध झाल्या, ६४ गतप्राण झाल्या. तेथील प्राणिशास्त्रज्ञ हर्मन बम्पस यांच्यापुढे प्रश्न उभा राहिला : जगल्या त्या केवळ दैवाने जगल्या, की त्यांच्या अंगी काही निराळे होते?

एक जगलेली व एक मेलेली चिमणी शेजारी ठेवून याचे उत्तर मिळत नाही. एका वर्गात एक उंच मुलगा असला म्हणून तो सारा वर्ग उंच ठरत नाही, तसेच हे. बम्पस यांनी प्रत्येक पक्ष्याचे वजन केले. लांबी, पंखांचा विस्तार, डोके, हाडे, सारे मोजले.

प्रथम शिरगणती. ५१ नर वाचले, माद्या मात्र २१च. पण मुळात नर ८७ होते आणि माद्या ४९. तेव्हा शेकडा किती, हे पाहिले पाहिजे. नरांत शेकडा सुमारे ५९ वाचले, माद्यांत सुमारे ४३. फरक आहे, पण वाटला तेवढा मोठा नाही.

आता माद्यांची लांबी. सर्वांच्या लांबीची बेरीज करून तिला त्यांच्या संख्येने भागले की सरासरी येते. वाचलेल्यांची सरासरी १५७.४ मिलिमीटर, मेलेल्यांची १५८.४, अंतर खसखशीच्या दाण्याएवढे! ४९ चिठ्ठ्यांवर त्या लांब्या लिहून, डोळे मिटून २१ उचलल्या, तरी उचललेल्या व उरलेल्या चिठ्ठ्यांच्या सरासरीत एवढे अंतर कितीदा तरी सहज पडते. मग त्यावर विसंबावे कसे?

बम्पस यांची नजर मात्र सरासरीवरच थांबली नाही. वाचलेल्या माद्या सरासरीच्या आसपास दाटीने होत्या. मेलेल्यांत फार लांब आणि फार आखूड अशा अधिक होत्या. निसर्ग टोकाच्यांवर अधिक कठोर होतो, असा त्यांनी अर्थ लावला. नरांचा प्रकार निराळा : त्यांत वाचलेले सरासरीने आखूड व हलके निघाले.

बम्पस यांनी आणखी एक मोलाची गोष्ट केली. नुसता निष्कर्ष न छापता त्यांनी सगळ्या १३६ पक्ष्यांची मापे छापून ठेवली. त्याच आकड्यांवर पुढच्या अभ्यासकांनी नव्या रीतींनी गणिते मांडली. बम्पस यांची काही अनुमाने त्यांत टिकली, तर काहींवर वाद माजला. आणि त्या चिमण्यांची मापे विद्यार्थी अजूनही मांडून पाहतात.