गुण देण्याआधी
(तलासरी येथील कार्यकर्ता शिबिरातील भाषण)



"एवढा पितो, मारतो, तरी ती त्याला का सोडत नाही?" हा प्रश्न आपण प्रत्येकीने कधी ना कधी विचारला आहे. मानसशास्त्रात त्याला एक नाव आहे, सहअवलंबित्व. म्हणजे दुसऱ्याला सांभाळता सांभाळता स्वतःलाच हरवून बसणं. अमेरिकेतल्या दारूमुक्तीच्या कामातून हा शब्द पुढे आला. ते मोजण्यासाठी स्पॅन-फिशर प्रश्नावली १९९१ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात सोळा वाक्यं आहेत, प्रत्येकाला एक ते सहा गुण. बेरीज जितकी जास्त, तितकं अवलंबित्व अधिक.

मी ती मराठीत करून एका पाड्यावर नेली. 'नाही म्हणणं मला जड जातं', 'दुसऱ्याची गरज मी आधी बघते' अशा अर्थाची वाक्यं मी वाचत गेले. एका वारली बाईला जवळजवळ प्रत्येक वाक्याला सहा गुण पडले. मी मनातल्या मनात निदान करूनही टाकलं. उठताना ती म्हणाली, "ताई, नाय म्हटलं तर उचल कोण फेडील?"

वीटभट्टीची उचल जोडीवर घेतलेली, हिशेब नवऱ्याशी. ती निघून गेली तर जोडी मोडते, कर्ज राहतं. माझ्या सोळा वाक्यांत उचल कुठेच नव्हती.

डहाणू-तलासरीला हे नवं नाही. लग्नासाठी सावकाराचं कर्ज काढायचं आणि नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं, ही लग्नगड्याची पद्धत इथलीच. १९४५ साली वारल्यांनी तिच्याविरुद्ध उठाव केला. 'तुमचं सावकारावर मानसिक अवलंबन आहे' असं त्या गड्यांना गोदावरी परुळेकरांनी सांगितलं नाही. त्यांनी वेठ मोडायला संघटना उभी केली. मग बाईच्या बाबतीतच आपण आधी तिचं मन का तपासतो?

म्हणून प्रश्नावली फेकून द्यायची का? नाही. डहाणूत भेटलेल्या दुसऱ्या एका बाईची बेरीज जवळपास तेवढीच आली. तिची मजुरी तिच्या हातात, डोक्यावर कर्ज नाही, माहेरचं दार उघडं. तरी रोज रात्री ती नवऱ्याला गुत्त्यावरून उचलून आणते आणि सकाळी त्याच्या मालकाला खोटं सांगते. त्या वाक्यांमुळे ती पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलली. दोघींची बेरीज सारखी, पण एकीला उचलीतून सुटका हवी होती, दुसरीला बोलायला माणूस.

तेव्हा गुण देण्याआधी चार गोष्टी विचारू या. उचल कुणाच्या नावावर आहे? मजुरी कुणाच्या हातात पडते? रात्री निघावं लागलं तर जायला छप्पर आहे का? वनपट्ट्यावर तिचं नाव लागलंय का? २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे पट्टा नवराबायको दोघांच्या नावे हवा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. हे तिला ठाऊक आहे का, तेही विचारा.

एवढं झाल्यावरही ती 'नाही' म्हणू शकत नसेल, तर मग प्रश्नावली काढा. आणि बेरीज आपल्या फायलीत ठेवू नका. तिच्यासमोर बसून, तिच्याबरोबरच करा.